एक सोडून एक

मित्रांनो, मी जुनी आहे, पण माझ्यावर धूळ बसत नाही. मला गंज चढत नाही, कसर लागत नाही, माझा रंग उडत नाही. त्यामुळे माझं वय कुणाच्या ध्यानात येत नाही. मी एक नोंद आहे. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका लहानशा कार्यशाळेच्या फाईलमधली अठ्ठावन्नावी नोंद.

माझी बनावट सोपी आहे. डब्यात डबा, त्यात आणखी एक डबा. प्रत्येक डब्यावर नाव. ज्या नावाने डबा उघडला त्याच नावाने तो मिटायचा. एक जरी मिटायचा राहिला तरी अख्खी फाईल रुसते आणि उघडत नाही. लिहिण्याच्या या पद्धतीला एक्सएमएल म्हणतात आणि माझ्यासारख्या प्रत्येक डब्याला प्रोग्रॅम लिहिणारे लोक नोड म्हणतात. सगळ्यांना पोटात घेणारा सर्वांत बाहेरचा डबा म्हणजे दस्तऐवज. आमच्या दस्तऐवजात आम्ही दोनशे बारा जणी होतो. एकीला लागून एक, पाठच्या बहिणींसारख्या.

माझ्या आत एक मुलगी आहे. म्हणजे तिचं वय आहे, तिच्या उजव्या पायाची मापं आहेत आणि सात भेटी आहेत. प्रत्येक भेटीच्या आत तारीख, माप आणि टीप. माप दोन ओळींचं. टीप मात्र कधी कधी पानभर लांब.

त्याला कारण मापकाका.

*

मापकाका म्हणजे कार्यशाळेचे मालक, मिस्त्री, हमाल आणि झाडूवाले. सगळे मिळून एकच माणूस. गळ्यात सदानकदा मापाची फीत. खोली एवढीशी. एका कोपऱ्यात प्लास्टरच्या पट्ट्या भिजवायची पत्र्याची बादली, मध्ये चालायची सवय करायला दोन आडवे दांडे, भिंतीवरच्या फळीवर पायांची रांग. डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. नवा माणूस ती रांग पाहून दारातच थबकायचा. मग आतून हाक यायची, “या, या. इथे पाय ठेवायला जागा नाही, पण पाय नक्की मिळतो.”

पुढे काकांचे हात थरथरायला लागले. पाय कोरताना थरथरत नसत, पेन धरलं की थरथरत. म्हणून त्यांची मुलगी दर शनिवारी लॅपटॉप घेऊन यायला लागली. तिला सगळे ताई म्हणत. ती एका कंपनीत जावा भाषेत प्रोग्रॅम लिहायची. काकांच्या वह्यांची चळत पाहून तिनेच आम्हाला जन्माला घातलं. काका सांगायचे, ताई टंकायची. काकांची अट एकच होती. माप घेताना खोलीत जे जे बोललं जाईल ते ते सगळं टिपेत उतरलं पाहिजे.

“बाबा, अहो, हेसुद्धा लिहू?”

“सगळं लिही. फितीला सेंटिमीटर कळतात. दुखणं कळत नाही.”

हे बोलणंही ताईने लिहिलं. ते पहिल्या नोंदीत आहे. म्हणजे होतं.

मला कान नाहीत, मित्रांनो. मी जे सांगते आहे ते माझ्यात लिहिलेलं आहे, नाहीतर शेजारपाजारच्या फाईलींत.

*

भेट पहिली. वय पाच.

मुलीला तिच्या आत्याने आणलं. वडील जहाजावर, वर्षातून एकदा घरी येणारे. आत्याचं इस्त्रीचं दुकान. मुलगी दोन वर्षांची असताना एक हातगाडी तिच्या पायावर उलटली आणि उजवा पाय पोटरीच्या मध्यावर कापावा लागला.

टीप: बाई दारात उभी राहून म्हणाली, “काका, हिला पाय हवाय.” मी म्हटलं, “एकच ना? दुसरा दिसतोय बरा.” पोरगी हसली. बाई हसली नाही. पोरगी बाकापासून दांड्यांपर्यंत एका पायावर टुणटुण उड्या मारत गेली. म्हटलं, “आली का नाकतोडी!” नाव ठरलं.

भेट तिसरी. वय सात.

टीप: नाकतोडी गाल फुगवून बसली. “वर्गातल्या मुली म्हणतात, हा पाय खोटा आहे.” तिला म्हटलं, “त्यांना सांग, खोटा नाही, उसना आहे. दर वर्षी परत करून मोठा घ्यायचा असतो.” त्यावर ती म्हणे, “मग त्यांचा?” म्हटलं, “त्यांचा जन्माचा आहे, बिचाऱ्या. बदलून मिळत नाही.” आत्या म्हणाली, “काका, तुम्ही तिला डोक्यावर चढवून ठेवलंय.” म्हटलं, “डोक्यावर चढायला दोन पाय लागतात. तेच तर करतोय.”

आता पुढची टीप नीट वाचा. या सगळ्या गोष्टीचं ओझं तिच्यावर आहे.

भेट चौथी. वय आठ.

टीप: दोघी गेल्यावर सांगतोय. साचा घेताना पोर गुणगुणत होती. गेल्या वर्षीही गुणगुणत होती. मला वाटायचं, खुशीत आहे. आज कापलेल्या हाडाच्या आतल्या बाजूला बोट टेकलं आणि गाणं सुरू झालं. बोट उचललं, थांबलं. पुन्हा टेकलं, पुन्हा सुरू. हिला दुखलं की ही सांगत नाही. गाते.

“बाबा, आत्याला सांगायला हवं हे.”

“नको. आत्याला सांगितलं की ती दर गाण्याला विचारणार, दुखतंय का, दुखतंय का. मग पोर गाणंही बंद करेल आणि आपल्याला काहीच कळायचं नाही. नुसतं लिहून ठेव. पुढे जो कुणी हिचा पाय बनवेल तो वाचेल.”

पुढे जो कुणी बनवेल तो वाचेल. हे वाक्य माझ्यात आलं त्या दिवसापासून मला माझं काम कळलं. फळीवरचे पाय माणसांना चालवत. मला फक्त वाचलं जायचं होतं.

पाचवी आणि सहावी भेट सुखाची. नाकतोडी दोरीवरच्या उड्या मारायला लागली, एवढंच सांगते.

भेट सातवी. वय अकरा.

टीप: दोघी गेल्यावर साचा उन्हात धरून पाहिला. हाडाचं टोक बरंच वाढलंय. वाढत्या वयात कापलेलं हाड आतल्या आत टोकदार होत जातं. या वर्षी तिथे बोटभर पोकळी सोडून भागवतो. पुढचा पाय करायच्या आधी सर्जनला दाखवायचंच. दाखवल्याशिवाय पाय बनवू नये. आत्याला बोलावून समजावतो.

नऊ दिवसांनी मापकाका गेले. दुपारी चहा प्यायला स्टुलावर बसले, ते उठलेच नाहीत. गळ्यात फीत होती. आत्याला बोलावणं राहून गेलं.

*

कार्यशाळा बंद झाली. फळीवरचे पाय ज्याचे त्याला पोचते झाले. शहराच्या दुसऱ्या टोकाला कृत्रिम अवयवांचं एक मोठं केंद्र होतं. त्यांनी काकांचे सगळे रुग्ण घ्यायचं कबूल केलं. त्यांचीही फाईल आमच्याच पद्धतीची होती, फक्त दस्तऐवज वेगळा. त्यांचा नियम असा की एका माणसाची नोंद एकाच जागी राहिली पाहिजे. दोन ठिकाणी दोन मापं झाली की गोंधळ होतो. तेव्हा आमची नुसती नक्कल करून भागणार नव्हतं. आम्हाला इथून उचलून तिथे न्यायचं होतं.

ते काम ताईनेच केलं. दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची एक रीत असते. दोन तिरप्या रेघा ओढायच्या आणि त्यांच्यापुढे मनातलं लिहायचं. यंत्र ती ओळ वाचत नाही, माणसानेच वाचावी म्हणून ती असते. ताईचा प्रोग्रॅम आमच्याच फोल्डरमध्ये आहे. त्यातल्या त्या ओळी या:

// दोन्ही फाईली उघडल्या. आता एकेक नोंद तिकडच्या यादीच्या शेवटी जोडायची.

// आई विचारतेय, जेवलीस का. हो म्हटलं.

// नाही जोडली जात. ओरडतंय.

ओरडत होतं ते यंत्र. मित्रांनो, आमच्यातल्या प्रत्येकीच्या हाडात कोरलेलं असतं, तू अमुक दस्तऐवजाची. मला उचलून थेट परक्या दस्तऐवजात ठेवलं तर जावा लाल अक्षरांत सांगते: ही इथली नाही, चुकीच्या दस्तऐवजातली आहे. आणि काम तिथेच थांबवते. आधी मालकी बदलायची वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती दिली की नोंद जुन्या घरातून पोटातल्या सगळ्या डब्यांसकट सुटते, तिच्या हाडातलं नाव पुसून नवं कोरलं जातं आणि मग ती खुशाल तिकडे बसते.

// सापडली आज्ञा. बरं झालं ओरडलं. चुकलं की सांगतं तरी.

ही ओळ मी आता वाचते तेव्हा मला ताईची फार दया येते.

*

तिने यंत्राला सांगितलं: नोंद नावाच्या सगळ्यांची यादी कर. पहिल्या जागेवरची उचल, तिकडे ने. मग दुसऱ्या जागेवरची. मग तिसऱ्या. यादी संपेपर्यंत.

यात चूक दिसते का? ताईलाही दिसली नाही.

समजा, शाळेच्या पटांगणात तुम्ही रांगेत उभे आहात. बाईंच्या हातात कागद आहे, मान खाली आहे. त्या म्हणतात, पहिल्या जागेवरचा पुढे या. पहिला गेला. रांग लगेच एक पाऊल सरकली. दुसरा होता तो पहिल्या जागेवर आला, तिसरा दुसऱ्या जागेवर. बाई मान वर न करता म्हणतात, आता दुसऱ्या जागेवरचा. कोण जाणार? तिसरा जाणार. दुसरा पहिल्या जागेवर उभाच. त्याला आता कुणीही हाक मारणार नाही, कारण पहिल्या जागेची हाक होऊन गेली.

आमची यादी तशीच असते. जिवंत असते. एक गेली की ती स्वतःला लगेच सावरून घेते. सगळ्या सरकतात.

माझ्या अलीकडे, सत्तावन्नाव्या नोंदीत, एक बस कंडक्टर होता. पलीकडे, एकोणसाठाव्यात, एक शिंपीण. किती वर्षांचा शेजार आमचा. कंडक्टरच्या टिपेत काकांनी लिहिलं होतं, ‘हा माणूस उभ्याने झोपतो, टाच रुंद करणे.’ शिंपिणीच्या टिपेत होतं, ‘बाईला पाय नको, शिवणयंत्राच्या पायट्यावर मारायला काहीतरी हवंय.’ दोघी माझ्या अंगाला लागून होत्या.

कंडक्टरची नोंद उचलली गेली. आता माझी पाळी, म्हणून मी तयार झाले. नोंद तयार होते म्हणजे काय, विचारू नका. होते.

शिंपिणीची नोंद उचलली गेली.

मला वाटलं, नजरचूक असेल. आता मागे वळेल.

एकसष्टावी गेली. त्रेसष्टावी गेली.

आणि मग यंत्राने काळ्या अक्षरांत, अगदी शांतपणे लिहिलं: काम पूर्ण.

या वेळी ते ओरडलं नाही. त्याच्या लेखी काही चुकलंच नव्हतं. जे सांगितलं ते त्याने इमानेइतबारे केलं होतं.

// दोन्ही फाईली जतन केल्या.

// जुनी फाईल एकदा उघडून बघायची. पण आता ती रिकामी असणार. बाबांची रिकामी फाईल आज बघवणार नाही. उद्या.

*

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या नोंदणी विभागातून फोन आला. ताईने तो पुढे माझ्यातच लिहून ठेवला.

“एकशे सहा रुग्ण आले आमच्याकडे. बरोबर ना, मॅडम?”

“बाबा म्हणायचे, माझी शंभर-सव्वाशे पोरं आहेत. म्हणजे तेवढेच असतील. लाल अक्षरांत काही आलंय का?”

“नाही, लाल काही नाही.”

“मग बरोबर.”

काकांनी शंभर-सव्वाशे हा आकडा कधी काळी धरला आणि जन्मभर तोच सांगितला. मुलं वाढत गेली, आकडा वाढला नाही. आई-बापांचं असंच असतं.

आणि उद्या? तो आला आणि गेला. ताईने फाईल उघडली नाही. पुसलीही नाही. काही माणसं रिकाम्या खोलीला कुलूप लावून किल्ली जवळ ठेवतात, तसं तिने केलं. फरक एवढाच की खोलीत आम्ही एकशे सहा जणी होतो.

माझ्या एका बाजूला आता छप्पन्नावी आली, तिच्यात एक गवंडी. दुसऱ्या बाजूला साठावी, तिच्यात एक मुख्याध्यापक. दोघेही भले, पण माझे शेजारी नव्हेत. मधली जागा मोडली आणि आम्ही एकमेकींना येऊन टेकलो, एवढंच. बोलायला काही नव्हतं. सगळ्यांच्या आत काकांचा आवाज होता आणि ऐकायला कुणी नव्हतं.

आठव्या भेटीची तारीख आली. माझ्यात काहीच लिहिलं गेलं नाही.

गेल्या वर्षीचा पाय तिला आता आखूड झाला असणार, हे मला माहीत होतं. नवा बनत असणार. कुणीतरी, कुठेतरी, मला न वाचता.

*

भेट आठवी. हात ताईचे. माप नाही.

टीप: आज आत्या घरी आल्या. एकट्याच. आईने पाणी दिलं, ते हातात धरून बसल्या, प्यायल्या नाहीत. त्या बोलल्या तसं लिहिते आहे. बाबा असते तर म्हणाले असते, सगळं लिही.

“ताई, मी भांडायला आले नाही.”

“बसा ना नीट.”

“केंद्रात गेलो आम्ही तारखेला. तिथल्या पाय बनवणाऱ्या बाईंनी यंत्रात शोधलं. म्हणाल्या, हिची नोंद नाही आमच्याकडे. मी म्हटलं, असं कसं, मापकाकांनी सगळं लिहून ठेवलंय, तुमच्याकडे आलंय म्हणे. त्या म्हणाल्या, काळजी करू नका, आपण नव्याने मोजू. बाई चांगल्या होत्या हो. उजेडाच्या यंत्राने माप घेतलं, साच्याची कटकट नाही. पाय काय सुंदर केला! हलका, कापसासारखा. नाकतोडीने घातला आणि चालायला लागली. गात गात.”

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“त्या बाई म्हणाल्या, किती गोड गाते हो तुमची मुलगी. तीन आठवडे गात होती, ताई. घरात, दुकानात, जिन्यात. शेजारीपाजारी म्हणायचे, पाय काय लागला, पोरीला कंठ फुटला.”

“आणि?”

“पायात घालायचे मोजे ती स्वतः धुवायला लागली. मला वाटलं, मोठी झाली, शहाणी झाली. जगाच्या कपड्यांवरचे डाग शोधत आयुष्य गेलं माझं आणि घरातला डाग मला दिसला नाही. ताप चढला तेव्हा उघडून पाहिलं. हाडाचं टोक कातडीतून बाहेर आलं होतं. जखम चिघळून हाडात उतरली होती, वरपर्यंत. डॉक्टर म्हणाले, गुडघा वाचत नाही.”

आई आतून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

“काढला?” मी विचारलं.

“काढला. मंगळवारी.” मग आत्या म्हणाल्या, “मी एकच विचारायला आले. काकांनी हिचं काही लिहून ठेवलं होतं का? का मीच उगाच विश्वासावर बसले?”

म्हणून फाईल उघडली. ती रिकामी असणार होती. एकशे सहा नोंदी निघाल्या. एक सोडून एक. बघताक्षणी कळलं मी काय केलं ते. कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

आत्यांना म्हटलं, “लिहून ठेवलं होतं. मी न्यायला विसरले.” विसरले हा शब्द खरा नाही. पण यादी कशी सरकते हे त्यांना त्या वेळी सांगणं म्हणजे निमित्त शोधणं झालं असतं.

“वाच.”

“आत्या, राहू दे.”

“वाच म्हणते ना. मोठ्याने वाच.”

सातवी वाचली. मग चौथी वाचली. हिला दुखलं की ही सांगत नाही, गाते.

आत्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाल्या, “मी तिला म्हणायचे, अजून एक म्हण.”

*

एवढं लिहून ताईने तो डबा मिटला. ज्या नावाने उघडला होता त्याच नावाने, बिनचूक.

त्यानंतरचं पुन्हा दोन तिरप्या रेघांपुढे आहे.

// उरलेल्या सगळ्यांना आधी फोन. मग प्रोग्रॅम.

// गवंड्याच्या नव्या पायाची टाच दोनदा मोडली. मुख्याध्यापकांनी पाय लावणंच सोडून दिलं, काठी घेतली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

// या वेळी जागा मोजायच्या नाहीत. जी सर्वांत पुढे असेल ती उचलायची, आणि पुढे कुणी उरलं नाही की थांबायचं.

// तिकडे पोचल्या: एकशे पाच. इथे उरली: एक. आता उघडून पाहिलं.

उरली ती मी. या वेळी चुकून नव्हे. केंद्राने नाकतोडीची नवी नोंद आधीच केली होती आणि एका माणसाच्या दोन नोंदी चालत नाहीत. शिवाय माझ्यातली मापं गुडघ्याखालच्या पायाची. गुडघ्यापासून टोकापर्यंत किती, पोटरीचा घेर किती, टोकापाशी पोकळी किती. सात वर्षांची सात मापं. एकही आकडा चुकीचा नाही आणि एकही आता कुणाच्याच पायाचा नाही. मित्रांनो, खोटं ठरण्याचं दुःख मला माहीत नाही. खरं असून उपयोगाचं न उरण्याचं माहीत आहे.

ताई दवाखान्यात जाऊन नाकतोडीला भेटून आली. तेही तिने लिहिलं आहे.

// म्हणाली, ताई, आता उसनं जास्त घ्यावं लागणार ना गं? मी हो म्हटलं. मग मला विचारते, तू का रडतेस, तुला दुखतंय का.

// तिला सगळं सांगितलं. टीप, गाणं, माझी चूक. आत्या शेजारीच होत्या. बाबांनी नको म्हटलं होतं. तिच्याबद्दलचं तिला माहीत असू दे.

// ती म्हणाली, काकांना माहीत होतं? मग म्हणाली, लिही तिकडेपण. मला तोंडाने नाही सांगता येत.

म्हणून त्या दुपारी ताईने मला शेवटचं उघडलं. आख्खी मी नको होते. माझ्या चौथ्या भेटीच्या आतला टीप नावाचा एक डबा तेवढा तिने निवडला. मालकी बदलायची आज्ञा दिली. तो डबा माझ्यातून सुटला. त्याच्या हाडातलं माझ्या दस्तऐवजाचं नाव पुसलं गेलं, दुसरं कोरलं गेलं, आणि तो नाकतोडीच्या नव्या नोंदीत जाऊन बसला, वयाच्या खाली, मापाच्या वर, जिथे उघडताक्षणी नजर पडते.

मला दुखलं का? माझ्याकडे ते सांगायला गाणंही नाही. माझी चौथी भेट आता अशी आहे:

भेट चौथी. वय आठ.

माप: दोन ओळी.

टीप

नाही, तो डबाच नाही. ‘टीप’ हे मी सवयीने म्हटलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी घर हलवाल, कुणी दवाखाना, कुणी शाळा. कुणी ताईसारखे बसून माझ्यासारख्यांना एका दस्तऐवजातून दुसऱ्यात न्याल. हात चालू द्या, घाई करा, चुकाही करा. ताईइतकी मायेने काम करणारी मुलगी मी पाहिली नाही, आणि तरी ती चुकली. पण सगळं नेलं असं वाटलं की एकदा मागे या. दार उघडा, मन धजत नसलं तरी उघडा. तिकडे किती पोचले ते कुणीही सांगेल. इकडे कोण राहिलंय, ते तुम्हालाच मोजावं लागेल.